१० एमबीची मर्यादा म्हणजे नक्की किती?

संस्थेच्या सूचनेत लिहिलेलं असतं, 'मेलची कमाल मर्यादा १० एमबी'. तुम्ही प्रबंधाची साडेआठ एमबीची पीडीएफ जोडता आणि मेल परत येतो. विचारायला गेलात तर 'फाइल मोठी आहे' एवढंच उत्तर. माझी तक्रार मर्यादेबद्दल नाही, ती ज्या भाषेत सांगितली जाते त्याबद्दल आहे.

पोस्टफिक्स हा भरपूर वापरला जाणारा मेल सर्व्हर घ्या. प्रशासकाने काही बदललं नाही तर त्याची मर्यादा असते १,०२,४०,००० बाइट. पण ती अख्ख्या संदेशाची, तुमच्या फाइलची नव्हे! मेलची व्यवस्था मुळात साध्या मजकुरासाठी बनलेली. त्यामुळे पीडीएफ, फोटो वगैरे आधी बेस६४ पद्धतीने अक्षरांत बदलावे लागतात. ३ बाइटांची ४ अक्षरं होतात, वर दर ७६ अक्षरांनंतर नवी ओळ. हिशेब करून बघा : ५७ बाइटांचे ७८ होतात, म्हणजे जवळपास ३७ टक्के वाढ. १० एमबीच्या दारातून जेमतेम ७४ लाख बाइटांची फाइल आत जाते.

मग मर्यादा वाढवून टाका? तेवढ्याने भागत नाही. १९९५च्या आरएफसी १८७० मुळे सर्व्हर आपली मर्यादा सुरुवातीलाच सांगतो, आणि मोठा मेल तिथेच नाकारू शकतो. सोय चांगली आहे, पण फक्त शेजारच्या सर्व्हरपुरती. परीक्षकांच्या विद्यापीठाचा सर्व्हर कमी घेत असेल, तर 'सेंट'मध्ये दिसणारा मेल मागाहून बाउन्स होतो. शेवटच्या तारखेला रात्री हे परवडत नाही.

'लिंक पाठवा' हा नेहमीचा सल्लाही मला अर्धाच पटतो. जीमेल तर २५ एमबीच्या वर आपणहून ड्राइव्हची लिंक बनवतं. परवानगी द्यायची राहिली की सरांची विनंती येऊन पडते आणि तुम्ही झोपलेले असता, हे एक. शिवाय लिंकमागची फाइल नंतर बदलता येते, काढूनही टाकता येते. जोडलेली फाइल मात्र पोचली की दोघांकडे तीच राहते. कोणत्या तारखेला कोणता मसुदा दिला, हा वाद उद्भवला तर ती दाखवता येते. म्हणून कच्च्या डेटासाठी लिंक खुशाल वापरा, पण मसुदा, आकृत्या हलक्या करून, जोडूनच पाठवा.

आणि तुमच्या संगणक केंद्रात आत्ताच विचारून ठेवा : सूचनेतला आकडा फाइलचा आहे की संदेशाचा?