हिबिया सभागृहातील वृत्तछायाचित्र : राजकीय हत्येचा पुरावा आणि त्याच्या मर्यादा

प्रस्तावना

साधनचिकित्सा हा इतिहासाच्या अभ्यासाचा पाया मानला जातो. कागद अस्सल आहे की बनावट, तो कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने लिहिला, याची छाननी केल्याशिवाय त्यातील मजकूर ग्राह्य धरू नये, ही शिस्त इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी मराठी अभ्यासकांना घालून दिली. बखरीकडे आपण संशयाने पाहतो, पत्राचे बहिरंग आणि अंतरंग परीक्षण करतो. वृत्तछायाचित्र मात्र बहुधा या चिकित्सेतून सुटते. ग्रंथात ते मजकुराची शोभा म्हणून येते, किंवा 'डोळ्यांनी दिसते त्याला आणखी पुरावा कशाला' अशा समजुतीने निर्विवाद मानले जाते. प्रस्तुत निबंधात एका प्रसिद्ध वृत्तछायाचित्राच्या आधारे या समजुतीचे परीक्षण करण्याचा प्रयत्न केला आहे.

छायाचित्र आणि त्याची पार्श्वभूमी

१२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोतील हिबिया सार्वजनिक सभागृहात प्रमुख पक्षांच्या नेत्यांची जाहीर सभा भरली होती. येऊ घातलेल्या निवडणुकीच्या निमित्ताने पंतप्रधान हायातो इकेदा आणि विरोधी पक्षांचे नेते एकाच व्यासपीठावर आले होते. जपान सोशालिस्ट पक्षाचे अध्यक्ष इनेजिरो असानुमा भाषण करीत असताना ओतोया यामागुची हा १७ वर्षांचा उजव्या विचारांचा तरुण व्यासपीठावर धावून गेला आणि त्याने आखूड तलवारीने असानुमांवर वार केला. असानुमांचा मृत्यू झाला. 'माइनिची' वृत्तपत्राचे छायाचित्रकार यासुशी नागाओ यांच्या कॅमेऱ्यात त्या वेळी एकच छायाचित्र घेता येईल एवढी फिल्म शिल्लक होती, असे सांगितले जाते. त्यांनी टिपलेले हे चित्र जगभर छापले गेले आणि १९६१ मध्ये त्यास पुलित्झर पारितोषिक मिळाले.

या घटनेपूर्वीचे काही महिने जपानच्या राजकारणात अत्यंत अस्वस्थतेचे होते. अमेरिकेबरोबरच्या सुधारित सुरक्षा कराराविरुद्ध लक्षावधी लोक रस्त्यावर उतरले होते. जुलैमध्ये पंतप्रधान नोबुसुके किशी यांना पायउतार व्हावे लागले. असानुमा त्या आंदोलनाचे अग्रणी होते. १९५९ मध्ये चीनच्या भेटीत त्यांनी अमेरिकी साम्राज्यवादाला जपानी व चिनी जनतेचा समान शत्रू म्हटले होते. त्यामुळे उजव्या गटांचा त्यांच्यावर विशेष रोष होता.

बहिरंग परीक्षण

सत्यतेच्या कसोटीवर हे छायाचित्र निःसंशय उतरते. स्थळ, दिवस, छायाचित्रकार आणि चित्रातील व्यक्ती यांविषयी वाद नाही. जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, एनएचकेने, सभेचे ध्वनिचित्रमुद्रण केले होते. सभागृहात असंख्य साक्षीदार होते. एका साधनाची दुसऱ्या स्वतंत्र साधनाने पडताळणी व्हावी, ही अपेक्षा येथे पूर्ण होते.

अशी पडताळणी नसेल तर काय होते, हे साराजेवोच्या उदाहरणावरून दिसते. २८ जून १९१४ रोजी आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड व त्यांच्या पत्नी सोफी यांची हत्या झाली. त्या दिवशी पोलिसांनी ओढत नेलेल्या एका माणसाचे छायाचित्र अनेक दशके 'गाव्ह्रिलो प्रिन्सिपची अटक' म्हणून छापले गेले. प्रत्यक्षात तो माणूस प्रिन्सिप नसून फर्डिनांड बेहर हा गर्दीतील इसम होता, असे आता सामान्यतः मानले जाते. चित्र खरे होते. चुकली होती ती खालची ओळ. अस्सल कागदावर नंतर कोणीतरी चुकीचा शेरा मारावा, तसाच हा प्रकार होय. म्हणून छायाचित्र आणि त्याची चित्रओळ ही दोन स्वतंत्र साधने समजून दोहोंची वेगवेगळी छाननी करणे आवश्यक ठरते.

अंतरंग परीक्षण

हिबियाच्या छायाचित्राची अडचण वेगळी आहे. ते वर्गात दाखविले असता 'हा खून होतानाचा फोटो' हाच विद्यार्थ्यांचा पहिला प्रतिसाद असतो, असा प्रस्तुत लेखिकेचा अनुभव आहे. अनेक ठिकाणी त्याची चित्रओळही याच अर्थाची असते. परंतु शस्त्र असानुमांच्या शरीरातून बाहेर काढल्यानंतरचा आणि यामागुची पुन्हा वार करण्याच्या पवित्र्यात असतानाचा हा क्षण आहे. प्राणघातक वार त्यापूर्वीच झालेला होता. म्हणजे जो वार इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक, तो चित्रात नाही. जो चित्रात आहे, तो पुढचा प्रयत्न आहे. पाहणारा मात्र आपण मृत्यूचा क्षण पाहिला असे समजतो.

दुसरी मर्यादा चौकटीची आहे. चित्रात प्रामुख्याने एक तरुण आणि एक प्रौढ पुढारी दिसतो. सभेत आरडाओरडा करून भाषण बंद पाडू पाहणारे उजव्या गटांचे लोक, अपुरा ठरलेला बंदोबस्त आणि करारविरोधी आंदोलनाचे महिने या चौकटीबाहेर आहेत. त्यामुळे राजकीय हत्या ही दोन व्यक्तींमधील झटापट वाटू लागते. यामागुची पूर्वी बिन अकाओ यांच्या उजव्या पक्षाचा सदस्य होता. त्याच्या कृत्यामागे संघटनेचा हात किती, हा प्रश्न छायाचित्र उपस्थितही करू शकत नाही आणि सोडवूही शकत नाही.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. २ नोव्हेंबर १९६० रोजी यामागुचीने कोठडीत आत्महत्या केली. त्याच्यावर खटला चालला नाही, त्याची उलटतपासणी झाली नाही, न्यायालयाचा निकाल आला नाही. निकालपत्राची ती रिकामी जागा छायाचित्राने व्यापली. 'कोणी केले' याचे उत्तर इतके स्पष्ट दिसले की 'का' आणि 'कोणाच्या पाठबळाने' हे प्रश्न जनमानसात मागे पडले. फेब्रुवारी १९६१ मध्ये एका १७ वर्षांच्या उजव्या तरुणाने 'चुओ कोरोन' मासिकाच्या प्रकाशकाच्या घरावर हल्ला केला आणि त्यात घरकाम करणाऱ्या एका निरपराध स्त्रीचा बळी गेला. या हिंसेची साखळी समजून घ्यायची तर एका क्षणाचे चित्र पुरत नाही.

एक तौलनिक दाखला

आपल्याला जवळचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या क्षणाचे छायाचित्र उपलब्ध नाही. परंतु लाल किल्ल्यातील खटला, १० फेब्रुवारी १९४९ चा निकाल, त्यावरील अपील आणि पुढे कपूर आयोगाचे कामकाज यांतून साक्षी-पुराव्यांचे विपुल साहित्य निर्माण झाले. या हत्येमागील व्यक्ती, त्यांच्या हालचाली आणि यंत्रणेच्या त्रुटी यांवर महाराष्ट्रातील अभ्यासक आजही सप्रमाण वाद घालू शकतात, तो या कागदांच्या बळावर. दृश्य पुरावा नसलेली घटना अधिक खोलवर ज्ञात आहे आणि जगाने 'डोळ्यांनी पाहिलेली' घटना तुलनेने उथळपणे ज्ञात आहे, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

छायाचित्राचे उत्तरायुष्य

कागद दप्तरात राहतो. वृत्तछायाचित्र मात्र लोकांच्या हाती फिरते. बळी गेलेल्या नेत्याची असहायता दाखविणारे हेच चित्र हल्लेखोराच्या गौरवासाठीही वापरले गेले. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यूयॉर्कमधील एका राजकीय क्लबात 'प्राउड बॉइज' या अतिउजव्या संघटनेच्या संस्थापकाने या हत्येचे नाट्यरूप सादर केले. म्हणजे पुरावा बदलला नाही, पाहणारा बदलला. छायाचित्र कृत्याची साक्ष देते. त्या कृत्याचा निषेध वा समर्थन ते स्वतः करीत नाही. ते काम पाहणाऱ्याचे असते आणि अभ्यासकाचे तर कर्तव्यच असते.

समारोप

वरील विवेचनावरून छायाचित्राला साधन म्हणून कमी लेखावे असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. नागाओ यांच्या चित्राशिवाय लोकशाहीच्या व्यासपीठावरील त्या हल्ल्याची भीषणता पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचली नसती. मात्र ते निकालपत्र नव्हे, एका साक्षीदाराची साक्ष आहे; आणि साक्षीदाराला प्रश्न विचारावेच लागतात. चित्रओळ कोणी लिहिली, क्षण नेमका कोणता, चौकटीबाहेर काय राहिले आणि पुढे हे चित्र कोणी कशासाठी वापरले, हे चार प्रश्न आपण वर्गात बखरीइतक्याच काटेकोरपणे छायाचित्रालाही विचारू लागलो, तर रोज शेकडो चित्रे पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना साधनचिकित्सा हा केवळ परीक्षेपुरता विषय वाटणार नाही.