खाण बंद पडली ती तारीख

आपल्या कथांवर बोलताना पुस्तकी समीक्षक वहीत दोन रकाने पाडतात. एका रकान्यात पात्र, दुसऱ्यात परिस्थिती. परिस्थिती म्हणजे जणू नाटकातला मागचा पडदा. पडदा बदला, राजा राजाच राहतो. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. रात्रपाळी करून जे वाचलं त्याच्या जोरावर बोलतो, आणि मला हे दोन रकाने पटत नाहीत.

अण्णा भाऊ साठ्यांची ‘स्मशानातील सोनं’ घ्या. वारणेकाठचा भीमा, अंगात बैलाचं बळ. मुंबईत काम मिळेना म्हणून उपनगराकडं सरकतो, खाणीत दगड फोडतो. खाण चालू आहे तोवर तो बायको-लेकीचा सुखी संसारी माणूस आहे. मग खाण बंद पडते. बंद करताना भीमाला कुणी विचारलेलं नसतं. नंतर त्याला मढ्याच्या राखेत सोनं दिसतं आणि तो रात्रीचा मसणवटा उकरायला लागतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात बोटं अडकतात. ती जातात, आणि खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

आता सांगा, इथं पात्र कुठं संपलं आणि परिस्थिती कुठं सुरू झाली? खाण थोडी आधी उघडली असती तर भीमाची बोटं शाबूत राहिली असती. त्याच्या जन्माचा हिशेब दुसऱ्याच कुणाच्या कचेरीत लिहिला गेला.

पण अण्णा भाऊ एवढ्यावर सोडत नाहीत. जित्याला भाकर नाही आणि मढ्यापाशी सोनं, हा विचार भीमाचा स्वतःचा आहे. घरातून विरोध होतो, भुताखेताचं भय घातलं जातं, तरी तो निघतो. खाण बंद केली दुसऱ्यांनी, पहार उचलली भीमानं. म्हणून तर त्याची बोटं तुटली की आपल्याला कळ येते.

आपल्यातले काही नवे कथाकार इथंच घसरतात, हे स्पष्ट बोलतो. राग आला तर येऊ द्या. त्यांचा नायक पहिल्या पानावर मार खातो आणि शेवटच्या पानावर मरतो. मधल्या पानांत त्याला एक गोष्ट ठरवायची पाळी येत नाही. असा नायक म्हणजे बुजगावणं. पांढरपेशा वाचक त्याच्यासाठी दोन मिनिटं चुकचुकतो, मग दिवा मालवून झोपतो.

बाबुराव बागुलांनी यावर जबरी तोडगा काढला. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा. त्याच नावाच्या कथेत नायक रेल्वेत नोकरीला लागतो, परगावात खोली मिळावी म्हणून जात लपवतो. त्याच कामावर काशिनाथ आहे. तोही त्याच जातीचा, पण जात सांगतो आणि सुरी बाळगतो. दाब एकच आणि माणसं दोन. एक गप्प राहतो, एक अंगावर जातो. जात उघडी पडल्यावर पहिल्याला मार बसतो, तेव्हा सोडवायला काशिनाथच येतो. परिस्थिती माणसाला साच्यातून विटेसारखी काढत नाही, हे बागुलांनी भाषण न करता दाखवलं.

याउलट प्रेमचंदांची ‘कफन’ बघा. लेखक मोठा, वाद नाही. घिसू-माधव आळशी का झाले याचं कारणही त्यांनी दिलंय: राबणाऱ्याचं तरी कुठं भलं होतं? पण हे कारण लेखक स्वतः सांगतो, घटनेतून ते डोळ्यांसमोर घडत नाही. मग वाचकाच्या ध्यानात कारण राहत नाही, बाप-लेकांची जात आणि आळस तेवढा राहतो. हिंदीतल्या दलित लेखकांनी या कथेवर आक्षेप घेतले ते उगाच नाहीत. आणि झोपडीत बाळंतकळा देणारी बुधिया? तिचं फक्त कण्हणं ऐकू येतं. तिच्यापुरती परिस्थिती म्हणजे बाहेर बसलेले हे दोघंच. ते कोण लिहिणार?

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. खात्यातली हवा कोरडी पडली की धागा जास्त तुटतो. वरून बघणारा म्हणतो, पोरगा आळशी. त्याला पोरगा दिसतो, हवा दिसत नाही. लेखकाला दोन्ही दिसले पाहिजेत.

आणि नेमके दिसले पाहिजेत. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकामात घेत नसत. पगार तिथंच चांगला. पण धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागायचं, आणि याच्या थुंकीचा इतरांना विटाळ. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. त्या काळच्या अशा कामगारावर कथा लिहायची तर ‘तो गरीब होता’ म्हणून भागणार नाही. त्याची गरिबी धोट्याच्या भोकात होती. तिथवर जावं लागेल.

म्हणून दोस्तांनो, ‘समाजानं त्याला छळलं’ हे वाक्य कथेतून काढून टाका. खाण कधी बंद झाली ते लिहा, खोली कुणी नाकारली ते लिहा. आणि त्या रात्री तुमच्या माणसानं काय ठरवलं तेही लिहा. दुसऱ्यांनी आपल्याकडून पुष्कळ काही हिसकून घेतलं. निदान आपल्या कथेत तरी आपल्या माणसाला ठरवू द्या.