फाटकाबाहेरचे प्रकरण

मराठी वाङ्मयात तुरुंगाला मानाचे स्थान आहे. लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या कारागृहात लिहिले. विनोबांची गीतेवरील प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. पुढच्याच वर्षी गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहून काढली. सीमाभागातल्या आपल्यासारख्या वाचकांना तर हे नाते पुस्तकांतून शिकावे लागले नाही. हिंडलग्याच्या तुरुंगाची आठवण बेळगाव परिसरातल्या कितीतरी घरांत आहे. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात निपाणीकरांनी आणि १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी लढ्यात बेळगावकरांनी पोलिसांचा अनुभव घेतला. तुरुंगातून सुटून आलेल्याच्या गळ्यात आपण हार घालतो. तो कशासाठी तरी आत गेला होता, एवढे आपल्याला पुरेसे असते.

पण जो कशासाठीच आत गेला नव्हता, त्याचे आपण काय करतो? अब्दुल वाहिद शेख यांचे ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक हिंदीतून वाचताना हा प्रश्न मला छळू लागला, आणि अजून त्याने माझा पिच्छा सोडलेला नाही.

शेख हे मुंबईतील शाळाशिक्षक. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक निरपराध माणसे प्राणाला मुकली. ज्या तेरा जणांवर हा खटला चालला, त्यांत शेख होते. २०१५ च्या सप्टेंबरात विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरले. निर्दोष ठरलेले शेख एकटेच. तोवर आयुष्याची नऊ वर्षे गजाआड गेली होती. पुढे २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बारा जणांनाही दोषमुक्त केले, पण त्यांतला एकजण २०२१ मध्ये तुरुंगातच मरण पावला होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात धाडले नाही. स्फोटांत ज्यांची माणसे गेली, त्या घरांना मग नेमके काय मिळाले, हा प्रश्नही याच खटल्याच्या पोटात आहे आणि तो विसरून चालणार नाही.

वाङ्मय म्हणून पाहता ‘बेगुनाह कैदी’ हे आत्मचरित्र कमी आणि जबानी अधिक आहे. लेखकाने तुरुंगातच कायद्याचा अभ्यास केला. त्याची छाप मांडणीवर आहे. अटक, कोठडी, कबुलीजबाब, चाचण्या असा एकेक मुद्दा शिक्षकाने फळ्यावर लिहावा तसा येतो. स्वतःइतकीच सोबतच्या आरोपींची कैफियत मांडण्याची धडपड हा या पुस्तकाचा मोठा गुण होय. मर्यादाही तिथेच आहे. पुस्तकाचे सारे बळ फाटकाच्या आतल्या हकिकतीत खर्ची पडते. फाटकाबाहेरचे प्रकरण आपल्याला इतरत्र शोधावे लागते. २०२५ मध्ये शेख यांनी मानवी हक्क आयोगाकडे नऊ कोटी रुपयांची भरपाई मागितली. आपण आत असताना वडील वारले, आईची प्रकृती ढासळली, डोक्यावर कर्ज चढले, मुलांना दहशतवाद्याची पोरे म्हणून हिणवले गेले, हे त्यांनी सांगितले आहे. निर्दोष ठरल्यानंतर आठ वर्षांनी, २०२३ च्या ऑक्टोबरात, तपासयंत्रणा दुसऱ्या एका प्रकरणात झडतीसाठी पुन्हा त्यांच्या दाराशी उभी होती. चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांना भरपाई देणारा कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ मध्येच केली होती.

या ठिकाणी मला आपल्या भाषेचा विचार करावासा वाटतो. मराठी वृत्तपत्र अशा माणसाविषयी ‘निर्दोष सुटला’ असे लिहिते. ‘सुटला’ म्हणजे सापडला होता, निसटला. चोरही सुटतो आणि सावही सुटतो. आपले कन्नड शेजारी त्यालाच ‘खुलासे’ म्हणतात. शब्द तुमच्याआमच्या ओळखीचा, पण तिकडे त्याचा अर्थ दोषमुक्ती आणि इकडे स्पष्टीकरण. कन्नडमध्ये ज्याचा खुलासा झाला, त्याला मराठीत जन्मभर खुलासा देत बसावे लागते!

हे मी दुसऱ्यांविषयी लिहीत नाही. शेख सुटकेनंतर पुन्हा शिक्षकाच्या नोकरीत गेले. ते वाचताना मुख्याध्यापक म्हणून मी स्वतःला विचारले, असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर? आमच्या शिक्षक-खोलीत मी हा विषय काढला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “सर, आगीशिवाय धूर निघत नाही.” मी त्यांना निकालाची हकिकत सांगितली. पण खरे सांगायचे तर मीही मनातल्या मनात पालकसभेत काय उत्तर देऊ, याचीच जुळवाजुळव करीत होतो. न्यायालयाला नऊ वर्षे लागली. मला निकाल कळूनही निर्णय होईना.

पुस्तकेदेखील यातून सुटत नाहीत. कोबाड घांदी यांचे प्रकरण अगदी वेगळे. ते राजकीय विचारांचे कार्यकर्ते, २००९ साली अटक झाली आणि २०१९ मध्ये बाहेर आले. त्यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला महाराष्ट्र शासनाने ६ डिसेंबर २०२२ रोजी पुरस्कार जाहीर केला आणि सहाच दिवसांत तो रद्द केला. निषेध म्हणून काही साहित्यिकांनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले. घांदींच्या विचारांशी आपले जमो वा न जमो, अनुवादाचा कस मात्र पुस्तकाची पाने उलटूनच लागायला हवा होता.

आपल्या कारावास-वाङ्मयाने हुतात्म्याचे आणि वीराचे चित्र समर्थपणे रंगवले. ज्याने काहीच केले नाही, त्याचे चित्र त्याला अजून जमलेले नाही. त्याच्यापाशी ना ध्येय, ना पश्चात्ताप. त्याच्यापाशी आहेत ती न जगलेली वर्षे, आणि दारावरची थाप ऐकताच दचकणारे घर. हे लिहायला कादंबरीकार हवा, आणि तो लिहील तेव्हा वाचायला आपणही हवे. तोवर निदान एवढे करू. मी माझ्या नववीच्या वर्गात निबंध तपासताना ‘निर्दोष सुटला’ खाली लाल रेघ ओढतो आणि समासात लिहितो, ‘निर्दोष ठरला’. मुले कारण विचारतात. त्या दिवशी मग व्याकरणाचा तास थोडा लांबतो.