६२ टक्के, पण कोणाच्या तुलनेत?

माकडतापाचा, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीजचा, विषाणू १९५७ मध्ये आपल्या पुण्यातल्या व्हायरस रिसर्च सेंटरने (आजची एनआयव्ही) शोधला. शिमोग्याच्या जंगलात माकडं मरत होती, माणसं तापाने फणफणत होती. मधला दुवा निघाला गोचिडीचा. २०१६ मध्ये आपल्याकडे दोडामार्गातही साथ आली.

आता त्याच्या लसीवरचा २०१३ चा पेपर वाचा. कर्नाटकातल्या २००५ ते २०१० च्या नोंदींवरून दोन डोसनंतर परिणामकारकता ६२.४ टक्के, बूस्टरनंतर ८२.९. याचा अर्थ ‘शंभरातले ६२ वाचले’ असा घेऊ नका. लस न घेतलेल्यांच्या तुलनेत घेतलेल्यांत आजाराचं प्रमाण तेवढ्या टक्क्यांनी कमी होतं, इतकंच.

शिवाय इथे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. मग लस जास्त कोणी घेतली, रोज लाकूडफाट्याला जंगलात जाणाऱ्याने की घरी राहणाऱ्याने? उत्तराप्रमाणे आकडा फुगेल किंवा आक्रसेल. एका डोसने फायदा दिसला नाही, हे लेखकांनी सरळ सांगितलंय. ती पेपरची जमेची बाजू.

जुनी लस आता बंद झालीय, नवीवर काम चालू आहे. तिचा आकडा येईल तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी विचारा: तुलना कोणाशी?