क्रमांक आणि नाव : ऑस्ट्रेलियातील आदिवासींची छायाचित्रे

ऑस्ट्रेलियातील आदिवासींविषयीचे अलीकडचे सचित्र पुस्तक उघडले की बहुधा पहिल्याच पानावर एक सूचना आढळते. या पुस्तकात मृत व्यक्तींची नावे आणि चित्रे आहेत, आदिवासी वाचकांनी याची नोंद घ्यावी, अशा अर्थाची. तिकडच्या अनेक जमातींत माणूस गेल्यावर काही काळ त्याचे नाव घेत नाहीत, त्याचे चित्र समोर ठेवत नाहीत. ही सूचना मी प्रथम वाचली तेव्हा मला ती प्रकाशकाची सभ्यता वाटली. पुढे पुस्तकांतून आणि संग्रहालयांनी संगणकावर खुल्या केलेल्या संग्रहांतून दीडशे वर्षांची छायाचित्रे पाहत गेलो, तेव्हा तिचा अर्थ उलगडला. चित्रातला माणूस कुणाचा तरी आजा आहे आणि हे पुस्तक त्याच्या नातवाच्याही हाती पडणार आहे, अशी ती कबुली आहे. ज्यांनी ही चित्रे काढली, त्यांच्यापैकी बहुतेकांना ही साधी गोष्ट कधी सुचली नव्हती.

छायाचित्राविषयी आपल्या मंडळींत दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, कॅमेरा खोटे बोलत नाही. छायाचित्र म्हणजे पुरावा. दुसरे म्हणते, राज्यकर्त्यांनी काढलेली शोषितांची चित्रे म्हणजे अपमानाचे दप्तर, ते जाळून टाकावे. दोन्ही मते मला अपुरी वाटतात. छायाचित्राचा अर्थ शटर दाबले त्या क्षणी कायमचा ठरून जात नाही. त्याखाली नाव कोण लिहितो, ते कुणाच्या कपाटात राहते आणि कुणाच्या संमतीने दाखवले जाते, यावर तो बदलत जातो. ऑस्ट्रेलियाचा अनुभव या दृष्टीने आपण तपासून पाहिला पाहिजे.

१८७३-७४ च्या सुमारास न्यू साउथ वेल्समधील ग्राफ्टन गावी लिंट नावाच्या छायाचित्रकाराने क्लॅरेन्स नदीच्या खोऱ्यातील आदिवासींची चित्रे आपल्या स्टुडिओत काढली. मागे रंगवलेला पडदा, पुढे आणून ठेवलेली झाडेझुडपे, हातात भाले आणि बूमरँग. ज्या रानातून गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांना हुसकले, तेच रान कापडावर रंगवून त्यांच्यामागे टांगले! चित्रे देखणी आहेत, प्रकाशयोजना निर्दोष आहे. त्यांचे आल्बम विकले गेले, परदेशी संग्रहालयांत पोहोचले. बहुतेक माणसांची नावे मात्र त्यावर नव्हती. त्या खोऱ्यातील वंशजांना आणि अभ्यासकांना आज एकेका चेहऱ्याचे नाव शोधावे लागते आहे.

हे एकट्या लिंटचे पाप नव्हते. १८६९ मध्ये हक्सले या इंग्रज शास्त्रज्ञाने साम्राज्यातील निरनिराळ्या वंशांची छायाचित्रे एका ठरावीक पद्धतीने घ्यावीत, अशी योजना आखून दिली. माणूस विवस्त्र उभा करावा, शेजारी मोजपट्टी ठेवावी, एकदा समोरून आणि एकदा बाजूने चित्र घ्यावे. त्याच काळात, १८६८ ते १८७५ या वर्षांत, आपल्या देशातील जातीजमातींच्या छायाचित्रांचे 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड लंडनमध्ये निघत होते. तेथेही माणूस हा जातीचा नमुना होता. साम्राज्य एकच होते, आणि शोषितांकडे पाहण्याचा त्याचा डोळाही एकच होता.

पण सर्वच चित्रे अशी नागवी वा नाटकी नाहीत. काही फार सोज्वळ आहेत आणि तीच मला अधिक धोकादायक वाटतात. व्हिक्टोरिया प्रांतात मेलबर्नजवळ कोरँडर्क नावाची वसाहत १८६३ मध्ये उभी राहिली. तेथील आदिवासींनी जमीन साफ केली, घरे बांधली, हॉप्सचे पीक काढून ती भरभराटीस आणली. फ्रेड क्रुगर या छायाचित्रकाराने सरकारी संरक्षण मंडळासाठी या वसाहतीची चित्रे काढली. त्यांत नदीकाठ आहे, नीटनेटकी घरे आहेत, पांढऱ्या कपड्यांत क्रिकेट खेळणारे तरुण आहेत. पाहणाऱ्याला वाटावे, काय सुखी माणसे आहेत!

त्या चित्रांत जे नाही ते असे. याच काळात मंडळ ही वसाहत मोडून माणसे दूर हलवू पाहत होते आणि माणसे त्याविरुद्ध लढत होती. विल्यम बराक आणि त्यांचे सहकारी पायी मेलबर्नला जाऊन मंत्र्यांची भेट घेत होते, अर्ज लिहीत होते, वर्तमानपत्रांना पत्रे पाठवीत होते. १८८१ मध्ये सरकारला चौकशी नेमावी लागली आणि तिच्यापुढे आदिवासी स्त्रीपुरुषांनी साक्षी दिल्या. पुढे १८८६ च्या कायद्याने मिश्र रक्ताच्या, ३५ वर्षांखालच्या लोकांना वसाहतीबाहेर काढले. कसणारे हातच गेल्यावर वसाहत खचली आणि १९२४ मध्ये बंद झाली. ही लढाई चौकशीच्या कागदांत जिवंत आहे. क्रुगरच्या चित्रांत तिचा मागमूस नाही. म्हणून छायाचित्रापुढे बसणाऱ्या विद्यार्थ्याला माझे सांगणे असते की, आधी चौकटीबाहेर काय होते ते विचारा.

चौकटीत काय चालते याचेही एक उदाहरण देतो. १९३४ चे वर्तमानपत्रातले एक कात्रण ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. डार्विनच्या सरकारी गृहात ठेवलेल्या, आईपासून तोडलेल्या मिश्र रक्ताच्या लहान मुलींचे ते छायाचित्र. त्यांच्यासाठी दक्षिणेकडच्या शहरांत घरे हवी आहेत, असा मजकूर. एका मुलीवर कुणीतरी शाईने फुली मारली आहे आणि खाली हाताने लिहिले आहे. मला मधली मुलगी आवडली, पण ती दुसऱ्या कुणी नेली असेल तर इतरांपैकी कोणतीही चालेल, मात्र ती धट्टीकट्टी असावी, असा त्याचा आशय. बाजारात गुरू निवडताना आपण ज्या नजरेने पाहतो तीच ही नजर. १९९७ च्या 'ब्रिंगिंग देम होम' अहवालाने, १९१० ते १९७० या काळात दहांपैकी एक ते तिनांपैकी एक या प्रमाणात आदिवासी मुले घरांतून तोडली गेली, असा निष्कर्ष काढला. २००८ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. ती फुली मात्र अजून त्या कात्रणावर आहे, आणि ती असलीच पाहिजे. तो कागद जाळला तर गुन्हेगाराची सोय होईल.

आता 'नामशेष' या शब्दाकडे वळतो. १८६६ मध्ये चार्ल्स वूली याने टास्मानियातील काही आदिवासींची व्यक्तिचित्रे काढली. त्यांत त्रुगानिनी ही स्त्री होती. १८७६ मध्ये ती वारली आणि तिच्या चित्राखाली 'शेवटची टास्मानियन' हा मथळा कायमचा चिकटला. मेल्यावर आपल्या देहाची विटंबना होईल ही तिची भीती खरी ठरली. तिचे प्रेत उकरले गेले आणि १९०४ पासून १९४७ पर्यंत तिचा सांगाडा होबार्टच्या संग्रहालयात प्रदर्शनात उभा होता. १९७६ मध्ये, मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, तिच्या अस्थींचे दहन होऊन राख समुद्रात सोडण्यात आली. मधल्या काळात टास्मानियाचे आदिवासी बास सामुद्रधुनीच्या बेटांवर संसार करीत होते, मुले वाढवीत होते. मथळा मात्र त्यांना मृत ठरवीत होता. नामशेष झालेल्या लोकांना जमीन मागता येत नाही, हा त्या मथळ्याचा खरा उपयोग!

या मथळ्याला उत्तर दिले ते याच लोकांतल्या एका छायाचित्रकाराने. रिकी मेनार्ड यांनी १९८० च्या दशकात 'मूनबर्ड पीपल' ही चित्रमाला केली. बेटांवर दरवर्षी समुद्रपक्ष्यांची पिले धरण्याचा हंगाम असतो. त्या हंगामातली आपली माणसे, त्यांचे श्रम, त्यांचे हात त्यांनी टिपले. त्यांत करुणेची याचना नाही, घोषणाही नाही. आम्ही आमच्या कामात आहोत, एवढेच ती चित्रे सांगतात. जिवंत माणूस रोजच्या कामात दिसला की 'शेवटची' हा शब्द आपोआप गळून पडतो.

सगळ्यात गुंतागुंतीचा प्रश्न टिंडेल यांच्या संग्रहाचा आहे. १९३८-३९ मध्ये नॉर्मन टिंडेल आणि जोसेफ बर्डसेल हे मानवशास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियाभर मिशने आणि सरकारी वसाहती हिंडले. माणसांची मापे घेतली, समोरून आणि बाजूने छायाचित्रे काढली, चित्रांना क्रमांक दिले. पोलीस ठाण्यातील गुन्हेगाराच्या फोटोसारखी ही चित्रे. पण टिंडेल यांनी सोबत वंशावळीही लिहून घेतल्या होत्या. कोण कुणाचा मुलगा, कुणाची आई कोणत्या मुलखातली. आज त्या मोडून टाकलेल्या कुटुंबांची नातवंडे याच संग्रहातून आपल्या आजाआजीला शोधून काढतात. जमिनीच्या हक्काच्या दाव्यांत याच वंशावळी पुरावा म्हणून मांडल्या जातात. चित्रकार व्हर्नन आ की यांच्या पणजोबांचे आणि आजोबांचे छायाचित्र टिंडेल यांनी पाम आयलंडच्या वसाहतीत काढले होते. आ की यांनी त्यांवरून कोळशाने भव्य व्यक्तिचित्रे रेखाटली. क्रमांकाच्या जागी पूर्वज आला. आता ते डोळे आपल्याला पाहतात. आणि प्रेक्षकाला नजर चुकवावीशी वाटते.

हे वाचताना मला बाबासाहेबांच्या १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाची आठवण झाली. नाकाडोक्याची मापे घेऊन आम्हांला वेगळ्या वंशाचे ठरवण्याचा उद्योग येथेही झाला होता. बाबासाहेबांनी ती मापे फेकून दिली नाहीत. तेच कोष्टक हातात घेतले आणि अस्पृश्यता वंशावरून आलेली नाही, हे त्यातूनच दाखवून दिले. शत्रूचे दप्तर कसे वाचावे याचा हा वस्तुपाठ आहे. टिंडेल यांच्या चित्रांतून नातवंडे जे करीत आहेत ते याच जातीचे काम आहे.

येथे एक अडचण मला प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. स्पेन्सर आणि गिलेन या जोडीने मध्य ऑस्ट्रेलियातील लोकांच्या गुप्त विधींची छायाचित्रे काढली आणि १८९९ च्या आपल्या ग्रंथात छापलीही. आज संग्रहालये अशी चित्रे सर्वांना दाखवीत नाहीत. काही फक्त दीक्षित पुरुषांसाठी आहेत, काही स्त्रियांच्या विधींची म्हणून स्त्रियांसाठीच. १९९४ मध्ये सुरू झालेल्या 'आरा इरितित्जा' या उपक्रमाने पित्जान्त्जात्जारा आणि शेजारच्या लोकांची जुनी चित्रे संस्थांतून परत मिळवून संगणकावर गावोगाव पोहोचवली, त्यातही असे निर्बंध पाळले जातात. मी दचकलो. ज्ञानबंदीने आमच्या पिढ्यान् पिढ्या होरपळल्या. ज्याच्या पूर्वजांच्या कानांत शिसे ओतण्याचे कायदे झाले, त्याने 'हे पाहू नका' या नियमाला मान कशी डोलवावी?

बराच विचार करून मी या मताला आलो. आमच्यावरची बंदी सत्ताधाऱ्यांनी घातली होती. आमचे श्रम लुटून ज्ञान त्यांनी स्वतःकडे कोंडले. येथे ज्यांचे सर्वस्व लुटले गेले ते आपल्या मालकीची वस्तू परत मागत आहेत. दोहोंना एकाच मापाने मोजणे म्हणजे घरफोड्याला वाचनस्वातंत्र्याचा कैवारी म्हणणे होय. त्या समाजाच्या आत कुणी काय पाहावे याचा वाद असेल, तर तो त्यांच्या स्त्रियांनी आणि तरुणांनी घालावा. निकाल देण्याचा अधिकार माझा नाही.

आदिवासींच्या हाती कॅमेरा आला म्हणजे सारे सुटले, असेही नाही. गुरिंजी लोकांनी १९६६ मध्ये वेव्ह हिलच्या गुरांच्या मळ्यावरचे काम सोडले आणि नऊ वर्षे जमिनीसाठी ठाण मांडले. १६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान व्हिटलम यांनी त्यांचे नेते व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या ओंजळीत माती घातली. तो क्षण टिपला मर्विन बिशप या आदिवासी छायाचित्रकाराने. प्रत्यक्ष समारंभ मांडवाच्या सावलीत झाला होता. बिशप यांनी दोघांना उन्हात, निळ्या आभाळाखाली आणून पुन्हा तसे करायला सांगितले. चित्र अजरामर झाले. तरीही मला ते खटकते. उंच गोरा पंतप्रधान देतो आहे आणि काळा म्हातारा घेतो आहे, असे ते दिसते. नऊ वर्षांचा संप त्या ओंजळीत दिसत नाही. त्या दिवशी मिळाला तो जमिनीचा पट्टा. पुरी मालकी १९८६ मध्ये आली. छायाचित्रकार आपला असला तरी सोहळा सरकारचा असेल, तर चित्रावर सरकारची छाया पडतेच. बिशप यांचा मान राखूनही हे म्हणावे लागते. त्याच १९८६ मध्ये सिडनीत आदिवासी आणि बेटवासी छायाचित्रकारांचे प्रदर्शन भरले. ट्रेसी मोफॅट, मायकेल रायली, ब्रेंडा क्रॉफ्ट ही नावे बिशप यांच्या शेजारी लागली. सोहळा कुणाचा, हे आता ते ठरवू लागले होते.

आपण काय करणार? माझ्या आज्याचा एकही फोटो नाही. फोटो काढण्याजोगा माणूस तो कुणाला वाटला नाही, आणि त्याच्या खिशात त्यासाठी पैसा नव्हता. पण १९५६ च्या दीक्षेची, नामांतराच्या मोर्चांची, वस्तीतल्या जयंतीची चित्रे आपल्या घरांत ट्रंकांच्या तळाशी पडून आहेत. त्यांतल्या पुढाऱ्यांची नावे आपल्याला पाठ आहेत. मागच्या रांगेतल्या बाया कोण होत्या ते सांगणारी माणसे मात्र एकेक करून जात आहेत. शिक्षकांनी हे काम विद्यार्थ्यांना द्यावे. म्हातारीच्या शेजारी बसावे, फोटो तिच्या हातात द्यावा, ती सांगेल ते नाव, गाव आणि साल पेन्सिलीने मागे लिहावे. ते दाखवायचे की नाही हेही तिलाच विचारावे.