जुलैतला ‘उन्हाळा’ आणि आपला मामा तलाव

तळी आणि हवामान बदल या विषयावर प्रपोजल लिहायला बसलं की पहिल्याच पानावर एक पेपर हमखास येतो. कॅथरीन ओ’रायली आणि सहकाऱ्यांचा, २०१५ चा. जगभरातली २३५ तळी, १९८५ ते २००९ चा काळ, आणि निष्कर्ष असा की उन्हाळ्यात पृष्ठभागाचं पाणी दर दशकाला सरासरी ०.३४ अंश सेल्सिअसने तापतंय. सगळ्यात वेगाने तापणाऱ्यांत हिवाळ्यात गोठणारी तळीही आहेत.

पेपर दमदार आहे. एकाच भागातली तळीसुद्धा सारख्या वेगाने तापत नाहीत, हे त्यातलं खरं महत्त्वाचं काम. आपण नेमकं तेच सोडतो, सरासरी उचलतो आणि पुढच्या ओळीत लिहितो, ‘म्हणून भंडारा जिल्ह्यातील तलावही...’ माझ्या पहिल्या मसुद्यात हेच वाक्य होतं!

त्या पेपरात उत्तर गोलार्धाचा उन्हाळा म्हणजे जुलै ते सप्टेंबर. हे महिने जसेच्या तसे उचलले तर वरठीच्या आसपास तुम्ही भर पावसात, तुडुंब तलावात थर्मामीटर घालणार. आपला कसोटीचा महिना मे.

दुसरं, कारणांची साखळी. उत्तरेत बर्फ लवकर वितळतो, पाण्याला जास्त दिवस ऊन मिळतं, वर गरम आणि खाली गार असे थर महिनोन्‌महिने टिकतात, तळाशी ऑक्सिजन पोचत नाही. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, उथळ. दुपारी पडलेला थर रात्री पाणी गार झालं की बहुधा मोडतो. ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो पहाटे, आणि आपण नमुने घेतो अकरा वाजता, चहा पिऊन.

शिवाय मे महिन्यात पाणीच कमी. धानाला सोडलेलं, बाष्पीभवनाने गेलेलं, गाळाने जागा खाल्लेली. मग पाणी तापलं ते हवा तापली म्हणून की खोली घटली म्हणून? खोलीची नोंद नसेल तर हे वेगळं काढताच येत नाही, आणि ‘हवामान बदलाचा परिणाम’ हे शीर्षक तिथेच कोसळतं. मासळीचंही तसंच. मरळ आणि मांगूर हवेतून श्वास घेतात, रोहू नाही. ‘ऑक्सिजन घटला, मासे घटले’ असं सरसकट लिहिता येणार नाही.

पेपर जरूर उद्धृत करा, पण तापमानाच्या शेजारी खोलीचा रकाना ठेवा. एक बांबू, त्यावर खुणा आणि दर आठवड्याला एक फेरी. आणि हो, पहाटेची.