बीज आणि भूमी : ‘सीडफोक्स’ या लघुकादंबरीचा विचार

मराठीतील ‘परसबाग’ हा शब्द घर गृहीत धरतो. घरामागे परस, परसात आळे, आळ्यात भाजी आणि ती भाजी पलीकडच्याच चुलीवर, असा हा अखंड क्रम आहे. औद्योगिक नगरांत भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या कष्टकऱ्याला हा क्रम उपलब्ध नसतो. पडीक भूखंडाचे वाफे पाडून ते शेजाऱ्यांनी वाटून घ्यावयाचे आणि प्रत्येकाने आपल्या वाट्यात भाजीपाला पिकवावयाचा, ही अमेरिकन शहरांतील सामुदायिक बागेची कल्पना म्हणजे परसाविना परसबाग होय. लोकारोग्याचा विचार करणारे अभ्यासक या बागेकडे प्रायः पोषणाचे साधन म्हणून पाहतात. ज्या गरीब वस्तीत ताज्या भाजीचे दुकान नाही, तिला ते ‘अन्न-वाळवंट’ म्हणतात आणि बाग हा त्यावरील एक उपाय ठरवितात. या दृष्टीत किती तथ्य आहे आणि तिच्यातून काय निसटते, हे पाहण्यास पॉल फ्लाइशमन यांची ‘सीडफोक्स’ (१९९७) ही लघुकादंबरी फार उपयोगी आहे. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिली गेल्यामुळे तिच्याकडे गंभीर समीक्षेचे लक्ष कमी जावे, हे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात, गिब स्ट्रीट नावाच्या रस्त्यावरील कचऱ्याने भरलेल्या एका भूखंडात ही कथा घडते. किम ही नऊ वर्षांची व्हिएतनामी मुलगी तेथे घेवड्याचे दाणे पेरते. तिचा पिता तिच्या जन्मापूर्वीच वारला. तो शेतकरी होता, आणि आपण त्याची मुलगी शोभतो हे त्याला कळावे, एवढाच तिचा हेतू. खिडकीतून पाहणाऱ्या वृद्ध ॲनाला संशय येतो, ती माती उकरते, आणि दाणे पाहून लज्जित होते. पुढे एकामागून एक असे तेरा निवेदक येतात. प्रत्येक जण एकदाच बोलतो. पुन्हा त्याला निवेदनाचा अधिकार मिळत नाही. ही रचना म्हणजे केवळ तंत्राची हौस नव्हे. प्रत्येक निवेदन हा एक वाफा आहे. वाफ्यांच्या सीमा स्पष्ट आहेत, आणि एका वाफ्यातील माणूस दुसऱ्याच्या वाफ्यात ओझरता दिसतो. एकाचेही कथन संपूर्ण नाही. संपूर्ण आहे ती फक्त बाग. आशय आणि आकृती यांचे इतके सहज ऐक्य थोड्याच कृतींत आढळते.

लेखकाची दृष्टी भाबडी आहे, असेही म्हणता येत नाही. सॅम या निवेदकाला बागेत काळे, गोरे, मध्य अमेरिकेतील आणि आशियाई लोक आपापल्या बाजूला वेगळे बसलेले दिसतात; शहराची विभागणी मातीतही उतरते. व्हर्जिलचा हैतीहून आलेला टॅक्सीचालक पिता इतरांहून मोठी जागा अडवितो आणि उपाहारगृहांना विकण्यासाठी लेट्यूस लावतो. उन्हाने ते कोमेजते. लोभ, संशय, चोरी हे सारे या बागेत आहे.

आता प्रश्न असा की, या बागेत अन्नाचे स्थान काय? आश्चर्य वाटेल, पण तेरांपैकी एकाच्याही निवेदनाचा मध्यवर्ती विषय पोषण हा नाही. कर्टिस टोमॅटो लावतो ते प्रेयसीचे मन वळविण्यासाठी. मारिसेला ही सोळा वर्षांची गर्भवती मुलगी एका साहाय्य-योजनेमार्फत बागेत येते, तीही नाखुशीने. कल्याणकारी व्यवस्थेचा बागेशी संबंध येतो तो येथे. तथापि तिला तेथे जे गवसते ते आहारविषयक ज्ञान नव्हे. वीज गेली असता, बाग विजेवर वा घड्याळावर चालत नाही, ती निसर्गाच्या गतीने चालते, आणि त्याच गतीचा आपल्या उदरातील जीवही एक भाग आहे, हे तिला लिओनाच्या बोलण्यातून उमगते. गोन्झालोचा वृद्ध ग्वाटेमाली आप्त शहरात बालकासारखा परावलंबी आहे, कारण त्याला इंग्रजी तर नाहीच, स्पॅनिशही येत नाही; मात्र हाती माती येताच तो पुन्हा प्रौढ, जाणता शेतकरी होतो. अमीर या भारतीय कापडविक्रेत्याने लावलेली जांभळी वांगी पाहून अनोळखी लोक त्याच्याशी बोलू लागतात. पूर्वी दुकानात त्याचा अपमान केलेली एक बाई बागेत त्याची चाहती होते, आणि जुना प्रसंग निघताच ओशाळते.

पोषणवादी दृष्टीला येथे मार्मिक उत्तर मिळते. गरिबाला काय खावे हे कळत नाही, म्हणून त्याला शिकवावयास हवे, असे ती दृष्टी पुष्कळदा गृहीत धरते. कादंबरी दाखविते की ज्ञान त्याच्यापाशी आहे. नाही ती ते ज्ञान वापरण्याची जागा. माणूस जीवनसत्त्वे पेरीत नाही; तो आपल्या आजीची, आपल्या गावाची, आपल्या जिभेची भाजी पेरतो. आणि जी भाजी आपली वाटते तीच ताटात टिकते.

परंतु येथेच कृतीची मर्यादाही स्पष्ट होते. जागा कोणाची? भूखंड नगरपालिकेचा आहे, हे लिओनाच्या निवेदनातून कळते. दूरध्वनीवर दाद न मिळाल्याने ती तेथील दुर्गंधीयुक्त कचऱ्याची पिशवी घेऊनच कचेरीत जाते, आणि कचरा हलतो. प्रसंग अस्सल आहे. त्यानंतर मात्र मालक कथेतून जवळजवळ नाहीसा होतो. तेरा स्वरांत त्याचा स्वर नाही. १९५० साली सुमारे ९ लाख १५ हजार लोकसंख्या असलेले क्लीव्हलँड २००० साली सुमारे ४ लाख ७८ हजारांवर आले. लोक गेले, घरे पडली, भूखंड ओस राहिले. म्हणून मालक उदासीन राहू शकला. जमिनीला गिऱ्हाईक नसल्यामुळे लाभलेली ही सवड कादंबरी माणसांच्या सद्भावनेच्या खाती जमा करते. कुमारांच्या पुस्तकाकडून जमीनविषयक कायद्याची अपेक्षा करू नये, असा आक्षेप येऊ शकेल. परंतु कचेरीतील प्रसंग ज्याने इतक्या नेमकेपणाने लिहिला, त्याला पुढचे पाऊल अशक्य नव्हते. त्याच शहराने २००७ साली आपल्या विभागरचनेच्या नियमांत नागरी बागांसाठी स्वतंत्र क्षेत्राची तरतूद केली, यावरून हा प्रश्न काल्पनिक नव्हता हे दिसते.

जेथे जमीन महाग आहे तेथे काय घडते, हे स्कॉट हॅमिल्टन केनेडी यांच्या ‘द गार्डन’ (२००८) या माहितीपटात दिसते. लॉस एंजेलिस येथील १४ एकरांचा एक भूखंड नगरपालिकेने कचरा जाळण्याच्या भट्टीसाठी १९८६ साली संपादन केला. विरोधामुळे ती योजना सुटली. १९९२ च्या दंगलीनंतरच्या काळात तो एका अन्नपेढीमार्फत कष्टकऱ्यांना कसावयास मिळाला. सुमारे ३५० कुटुंबे तेथे मका, निवडुंगाची भाजी, केळी, ॲव्होकॅडो पिकवीत. पायवाटा धरूनही एका कुटुंबाच्या वाट्याला सरासरी जेमतेम १.६ गुंठे येतात; पण जे आले ते ताजे आणि आपले होते. २००३ साली पालिकेने ती जमीन पूर्वीच्या मालकाला सुमारे ५० लाख डॉलरांना विकली. पुढे तिची किंमत १ कोटी ६३ लाख डॉलर सांगण्यात आली. रक्कम उभी करण्याचे प्रयत्न झाले, व्यवहार झाला नाही. १३ जून २००६ रोजी लोकांना हुसकावण्यात आले, आणि पुढील महिन्यात बागेवर बुलडोझर फिरला. १९४८ च्या मुंबई कुळकायद्याचा इतिहास परिचित असलेल्या वाचकाला यातील मर्म लगेच कळेल. हे कसणारे कूळ नव्हते. त्यांच्यापाशी होती ती केवळ केव्हाही रद्द होऊ शकणारी परवानगी.

दोन कृतींतील पिकांची तुलना या दृष्टीने बोलकी आहे. कादंबरीतील घेवडा, टोमॅटो, वांगी, लेट्यूस ही बहुतेक एका हंगामाची पिके आहेत. लॉस एंजेलिसच्या लोकांनी फळझाडे लावली होती. झाड लावणारा पुढील वर्षांवर हक्क सांगत असतो. म्हणूनच तेथील विध्वंस अधिक दारुण भासतो. उलट, माहितीपटात न्यायालय आणि सभागृह इतके पुढे येतात की स्वयंपाकघर मागे पडते. जमीन कोणाची हे तो सांगतो. त्या जमिनीतील पाला कोणाच्या पातेल्यात कसा शिजला, हे फारसे सांगत नाही.

सारांश, एका कृतीला बीज कळले, दुसरीला भूमी. गरीब वस्तीतील सकस आहाराचा प्रश्न या दोहोंच्या संधिस्थानी उभा आहे. केवळ बीजाचा विचार केला तर तो संस्काराचा आणि उपदेशाचा विषय होतो; केवळ भूमीचा केला तर तो दाव्याचा कागद होतो. ‘सीडफोक्स’च्या शेवटी हिवाळा सरतो आणि किम पुन्हा घेवडा पेरावयास येते. हा शेवट सुंदर आहे, परंतु त्याचे सौंदर्य एका गृहीतावर उभे आहे: वसंतात ती परतेल तेव्हा जमीन तेथेच असेल. ते गृहीत कोणाच्या बळावर खरे ठरते, हे कादंबरी विचारीत नाही. तिच्या अभ्यासकाने ते विचारलेच पाहिजे.